ताणावर सोडलेला बगीचा

सौंसर

चि. छोटीस,


तुझं पत्र पोचलं. बी.एस्सी. झालं, आता कुणी बी.एड. कर म्हणतं, कुणी इंदूरला पीएससीच्या क्लासला जा म्हणतं, आणि तुझा मात्र कशातच जीव रमत नाही, असं लिहिलंस. त्याच पत्राच्या शेवटी जाता जाता एक ओळ टाकली आहेस. बाबा दर हिवाळ्यात संत्र्याच्या बगीच्याचं पाणी तोडतात, झाडं मलूल होतात आणि मग पाणी सोडलं की फुलांनी लदबदतात. हे का, ते कुणी नीट सांगत नाही. साऱ्या पत्रात मला ही ओळ मोलाची वाटली. बाकीचे प्रश्न लोकांनी तुझ्यापुढे ठेवलेत. हा तुला आपसूक पडलाय.

माझा दादा, म्हणजे तुझे बाबा, ‘तसंच असतं’ म्हणाला असेल. त्याचा राग धरू नकोस. पांढुर्ण्याच्या काळ्या मातीत आंबिया बहार धरता धरता त्याचं आयुष्य गेलं. बगीचा कधी ताणावर सोडायचा, म्हणजे पाणी कधी तोडायचं, हे त्याच्या हाताला कळतं, सांगता येत नाही इतकंच. तू वनस्पतिशास्त्र शिकलीस, तेव्हा पुढचं पाऊल तुझं. पाणी तुटलं की झाडाची वाढ थांबते, पानांनी तयार केलेलं अन्न नव्या पालवीवर खर्च न होता साठून राहतं, आणि पाणी मिळताच त्या बळावर कळ्या फुटतात, असं पुस्तकं सांगतात. पण तिथं थांबू नकोस. आंबियाला डिसेंबर-जानेवारीच्या थंडीचाही हात लागतो. मग मृगाच्या बहाराला काय लागतं? तो तर उन्हाळ्यातल्या ताणावर, पावसाच्या तोंडाशी धरतात. भारी जमिनीत ओल धरून राहते, म्हणून ताण लवकर बसत नाही, आणि मध्येच मावठा पडला की बसलेला ताण मोडतो. अशा वर्षी कुठली झाडं फुलली, कुठली नुसतीच पालवली, हे कुणी लिहून ठेवलंय का? तू ठेव.

बगीच्यातली थोडी झाडं निवड. काही नाल्याकडची, काही मुरमाड उंचवट्यावरची. सकाळी एका ठरल्या वेळी जा आणि मोबाईल घरी ठेव. पहिले काही दिवस काहीच दिसणार नाही, कंटाळा येईल. तरी बस. नजर स्थिरावली की कोवळ्या पानाच्या पोटाशी काळ्या माशीची अंडी दिसतील, बुंध्यावर डिंक्याचा ताजा ओघळ दिसेल, आणि कालपर्यंत एकसारखी वाटणारी दोन झाडं वेगळी वाटू लागतील. रात्री वहीत पाहिलेलं एका बाजूला लिही, वाटलेलं दुसऱ्या बाजूला. दोन्ही एकत्र करू नकोस.

असंच बसून पाहणाऱ्या मारुती चितमपल्लींची पुस्तकं मी तुला दिली होती. सोलापूरचा माणूस, नोकरी वनखात्याची. नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट इथं बदल्या होत गेल्या. नुसत्या फाईली सांभाळूनही निवृत्त होता आलं असतं. पण ते तळ्याकाठी, रानात बसून राहिले, आदिवासींना आणि पारध्यांना विचारत राहिले, लिहीत राहिले. त्यातून ‘पक्षीकोश’ झाला, ‘चकवाचांदण’ झालं. 2025 मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. पद्मश्री नसती मिळाली तरी त्यांचं आयुष्य भरलेलंच होतं, हे त्यांचं कुठलंही पान वाचून कळतं. तिकडे इंग्लंडात डार्विननं गांडुळांवरचा पहिला निबंध 1837 मध्ये वाचला आणि त्यांच्यावरचं पुस्तक 1881 मध्ये काढलं, वयाच्या बहात्तराव्या वर्षी. मधल्या काळात कुंड्यांत गांडुळं ठेवून ती आवाजाला हलतात का, तेसुद्धा पाहिलं. एवढ्या मोठ्या माणसाला तो प्रश्न कधी लहान वाटला नाही.

मी परीक्षेच्या आड येत नाही. पीएससी द्यायची तर मन लावून दे. आपल्या घराला पगाराची गरज आहे हे मला ठाऊक आहे. पण नोकरी लागली की समाधान आपोआप मागून येईल, या भरवशावर राहू नकोस. मी शाळेत उभं आयुष्य काढलं. निवृत्तीनंतर ज्यांचे दिवस रिकामे झाले आणि ज्यांचे भरले, अशा दोन्ही तऱ्हेच्या शिक्षकांना मी जवळून पाहते आहे. ज्यांनी स्वतःचं काही कुतूहल जपलं होतं, गावच्या जुन्या विहिरींचं का असेना, त्यांना सकाळी उठायला कारण आहे.

‘याचा उपयोग काय’ असं घरात कुणीतरी विचारेलच. वाद घालू नकोस. एक पूर्ण बहार होईपर्यंत वही कुणाला दाखवूही नकोस. लोकांनी वाहवा केली की माणूस दाखवण्यासाठी पाहायला लागतो, आणि नावं ठेवली की पाहायचंच सोडतो.

नागपूरला अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे. बहार धरला की आपण दोघी तिथं जाऊ. तोवर विचारायचे प्रश्न लिहून काढ, आणि ज्यांचं उत्तर तुझ्या वहीतच सापडेल ते आधी खोडून टाक. दादाला विचारून यंदा पाणी कोणत्या तारखेला तोडणार ते कळव.

तुझी,
आत्या