प्रवाळातल्या मुशी कोठे दिसतात?

प्रश्न : मालवणला स्कूबा डायव्हिंग करताना शार्क दिसतात का? (वाचक, चौबे कॉलोनी, रायपूर)

उत्तर : मालवणच्या उथळ, बऱ्याचदा गढूळ पाण्यात शार्क, म्हणजे कोकणातील कोळ्यांची मुशी, दिसण्याची आशा धरून जाणे व्यर्थ होय, तेथे प्रवाळ व रंगीत मासे पाहावेत. प्रवाळभिंतींच्या आश्रयाने राहणाऱ्या मुशींसाठी लक्षद्वीप अधिक योग्य असून तेथे जाण्यास प्रवेशपरवाना लागतो. त्या बेटांच्या खाजणांत, म्हणजे प्रवाळकड्याने वेढलेल्या उथळ पाण्यात, काळ्या टोकाच्या परांची मुशी फिरते, तर पांढऱ्या टोकाची मुशी दिवसा कपारीत तळाशी निजलेली आढळते. काही मुशींना कल्ल्यांवरून पाणी वाहते ठेवण्यासाठी सतत पोहावे लागते, परंतु ही तोंडाने पाणी ओढून कल्ल्यांवर सोडू शकत असल्याने स्थिर राहते आणि रात्री शिकारीस निघते. करड्या मुशीने पाठ कमानीसारखी वाकवून छातीचे पर खाली झुकवले, तर तो इशारा समजून पाणबुड्याने तिची वाट न अडवता, तिच्याकडे तोंड ठेवून सावकाश मागे सरावे. एरवी या मुशी माणसाला टाळतात. माणसाकडून होणारी मासेमारीच त्यांच्या जिवावर अधिक बेतली आहे.