पारवे, तूर आणि लोखंड

रेवदंड्याला आमचं घर कोटाच्या आत आहे. नारळी-पोफळीची वाडी, मागे विहीर, आणि थोड्या अंतरावर सातखणीचा पडका मनोरा. त्याच्या खबदाडांतून पारवे दिवसभर घुमत असतात. शेत म्हणाल तर चौलच्या बाजूला भाताची चार खाचरं. बांधावर तूर, वर डोंगरउतारावर थोडी वरकस जमीन. तीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यावर वाचायला वेळ मिळाला, आणि घरचेच हे दोन जीव, वळचणीतला पारवा आणि बांधावरची तूर, मला नव्याने शिकवू लागले. त्यातलं थोडं इथे लिहिते.

१. चुकीचं शिकवलेलं परत बोलावता येत नाही. मी वर्षानुवर्षं मुलांना सांगत आले की, पारव्याच्या वरच्या चोचीत लोहाचे बारीक कण असतात, तेच त्याचं होकायंत्र. एका मासिकात वाचलं होतं आणि मला ते फार आवडलं होतं, कारण एका वाक्यात मावत होतं. २०१२ मध्ये व्हिएन्नातल्या डेव्हिड कीज आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध ‘नेचर’मध्ये आला. त्यांनी चोचींचे अतिशय पातळ काप काढून तपासले, तेव्हा लोह असलेल्या त्या पेशी मज्जापेशी नव्हत्याच. त्या होत्या भक्षकपेशी. जुन्या रक्तपेशी गिळून त्यांतलं लोह साठवणाऱ्या, जंतूंशी लढणाऱ्या. एका पारव्याच्या चोचीला संसर्ग झाला होता, तिथे तर त्या कितीतरी पटींनी जास्त सापडल्या. होकायंत्र समजून आपण सफाई कामगारांकडे बोट दाखवत होतो. माझे विद्यार्थी आता मुंबई-पुण्यात, काही दुबईला. भेटेल त्याला सांगते, ‘अरे, ते चोचीचं खोडून टाक.’ हसतात. मला हसू येत नाही.

२. मग पारवा घरी परततो कसा? इथे मला माझी दुसरी खोड दिसली. मला नेहमी एकच कारण हवं असायचं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात विल्यम कीटन यांनी पारव्यांच्या पाठीवर छोटे लोहचुंबक बांधून त्यांना दूर नेऊन सोडलं; तुलनेसाठी दुसऱ्या गटाच्या पाठीवर तेवढ्याच पितळी कांड्या. १९७१ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. स्वच्छ ऊन असताना सरावलेले पारवे चुंबकासकट बरोबर घरच्या दिशेने निघाले. आभाळ भरलेलं असताना मात्र चुंबकवाले भरकटले, पितळवाले नाही. म्हणजे सूर्य दिसत होता तोवर पारव्याने चुंबकत्वाकडे वळूनही पाहिलं नव्हतं. पुढे इटलीत फ्लोरियानो पापी यांनी वासाचा धागा पुढे आणला, आणि ऑक्सफर्डच्या संशोधकांना काही पारवे चक्क रस्त्यांच्या कडेकडेने उडताना आढळले. पारव्याजवळ एक वाट बंद झाली की दुसरी असते. मी मुलांना तोंडी परीक्षेत विचारायचे, ‘एकच कारण सांग.’ आता तो प्रश्न मला नीट वाटत नाही.

३. आपल्या तालुक्यात काय आहे, हे आपल्याला दूरच्या पुस्तकातून कळतं. कीटन यांच्या गटाने १९७४ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली: पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात होणारे नैसर्गिक चढउतारही पारव्यांची निघण्याची दिशा थोडी हलवतात. ते वाचताना मी ताडकन उठले. हे चढउतार मोजणारी वेधशाळा आमच्यापासून १७-१८ किलोमीटरवर, अलिबागला आहे! मुंबईत कुलाब्याला १८४१ पासून चुंबकीय नोंदी होत होत्या. विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर नोंदी बिघडणार हे उघड होतं. तेव्हा संचालक नानाभाई मूस यांनी जागा शोधून १९०४ मध्ये ते काम अलिबागला आणलं; इमारत अशी बांधली की लोखंडाचा संपर्कच नको. घाईही केली नाही. सुमारे दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या आकड्यांशी नवे जुळवता यावेत. मगच १९०६ मध्ये कुलाब्याचं चुंबकीय काम थांबलं. मुंबईत विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली. मला या दोन वर्षांचं फार अप्रूप वाटतं. मुलांना अलिबागच्या समुद्रकिनाऱ्यावर सहलीला मी कितीदा नेलं असेन. त्या वेधशाळेच्या कुंपणाबाहेर उभं करून पाच मिनिटं हे सांगायचं मात्र कधी सुचलं नाही.

४. माया आणि अंतर, दोन्ही लागतात. दादरला राहणारी माझी नणंद रोज गॅलरीत कबुतरांना दाणे टाकायची. कोरडा खोकला जाईना, जिना चढताना दम लागू लागला. छातीच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘घरी कबुतरं येतात का?’ विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीतली प्रथिनं वर्षानुवर्षं श्वासात जात राहिली, तर काहींच्या फुप्फुसांना सूज येते आणि पुढे ती कडक होऊ लागतात. २०२५ च्या पावसाळ्यात दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली, तेव्हा तिला रडू आलं, आणि तिला दमही लागत होता. दोन्ही खरं होतं. मला स्वतःला कबुतरखाना बंद करण्याचा तो निर्णय योग्यच वाटतो. पारव्यांना मनोरे आहेत, कडे आहेत; माणसाला फुप्फुसं दोनच.

५. सासूबाईंचं म्हणणं मी अर्धंच ऐकलं होतं. त्या म्हणायच्या, ‘नाचणीत तूर टाकलीस ना, की पुढल्या साली वरकस जमीन रुसत नाही.’ मी लगेच बाईंच्या आवाजात: ‘हो आई, मुळांवर गाठी असतात, त्यांतले जिवाणू हवेतलं नत्र धरतात.’ उत्तर बरोबर, पण पुन्हा एकच. आपल्या तांबड्या मातीत लोह भरपूर. ते स्फुरदाला असं घट्ट धरून ठेवतं की पिकाला ते असून नसल्यासारखं. हैदराबादजवळ पाटणचेरूच्या इक्रिसॅटमध्ये नोरिहारू आए आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दाखवून दिलं की, तुरीची मुळं पिसिडिक आम्ल सोडतात. ते लोहाला पकडतं आणि स्फुरद मोकळं होतं. तूर ते घेते आणि मागून येणाऱ्या पिकालाही त्याचा लाभ होतो. सासूबाईंना आम्लाचं नाव ठाऊक नव्हतं. जमीन रुसते कधी आणि हसते कधी, हे ठाऊक होतं. हे मला कळलं तेव्हा त्या जाऊन सहा वर्षं झाली होती.

इंग्रजीत तुरीला कबुतरांचा वाटाणा म्हणतात. वेस्ट इंडीजमधल्या बार्बाडोसला ती कबुतरांना घालत, त्यावरून हे नाव पडलं. तूर मूळची आपली, भारतातली. आमच्या आमटीला असं परक्या बेटावरचं नाव पडलं, याचं मला अजून नवल वाटतं.

६. हिरवंगार दिसणं म्हणजे बरं असणं नव्हे. निवृत्तीनंतरच्या पहिल्या पावसाळ्यात बांधावर तूर मी स्वतः लावली. नोव्हेंबरात बाकीची झाडं पिवळ्या फुलांनी लगडली. एक मात्र नुसतंच दाट, झुपकेदार, फिकट हिरवं, पानं बारीक, फूल एकही नाही. मला ते सगळ्यांत तजेलदार वाटलं. पाणी घातलं, जपलं, पुढच्या वर्षासाठी उभंच ठेवलं. पुढच्या वर्षी अशी नऊ झाडं झाली. दापोलीला कृषी महाविद्यालयात शिकणारा पुतण्या सुट्टीत आला आणि बांधावरच थबकला. ‘काकी, हा वांझ रोग. हे उभं ठेवलंत कशाला?’

हा शब्द मला आवडत नाही. गावात बायकांना तो कसा मारून फेकतात, हे मी पाहिलंय. आणि झाडाच्या बाबतीतही दोष झाडाचा नसतोच. हा रोग १९३१ मध्ये बिहारातल्या पुसा इथून प्रथम नोंदला गेला. तो डोळ्यांना न दिसणाऱ्या, पंख नसलेल्या, वाऱ्यावर वाहून येणाऱ्या कोळीमुळे पसरतो हे कळलं. पण त्या कोळीसोबत येणारा विषाणू नेमका हाती लागायला २००० साल उजाडावं लागलं. जवळजवळ सत्तर वर्षं! तोवर संशोधक हात बांधून बसले नव्हते. जालना जिल्ह्यातल्या बदनापूरच्या केंद्राने विषाणू न दिसताही रोगाला दाद न देणारी झाडं निवडत निवडत बीएसएमआर ७३६ आणि ८५३ सारखे वाण दिले. २०११ मध्ये ‘आशा’ या वाणाचा जनुकपट उलगडला, त्यात अठ्ठेचाळीस हजारांवर जनुकं मिळाली. एवढं सगळं होऊनही माझ्या बांधावर नऊ झाडं रोगी झाली, कारण गेल्या सालचं झाड मी मायेने उभं ठेवलं आणि त्यावर कोळीने उन्हाळा काढला.

चौल-रेवदंड्याच्या, आणि कुठल्याही गावच्या, बांधावर तूर लावणाऱ्यांना एवढीच विनंती: फुलोऱ्याच्या दिवसांत एकदा बांधावरून सावकाश चालत जा. झुपकेदार, बिनफुलाचं झाड दिसलं तर त्याच दिवशी मुळासकट उपटा आणि जाळून टाका. शेंगा काढून झाल्या की जुनं खोड उन्हाळ्यात उभं ठेवू नका, कितीही हिरवं दिसलं तरी.