विमान कंपन्यांचे माइल्स आणि ‘फुकट’ तिकिटाचा हिशेब

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पाताळगंगा एमआयडीसीतल्या नोकरीमुळे वर्षातून तीनेक वेळा दिल्लीला विमानाने जाणे होते. बहीण न्यू जर्सीत असल्याने आईवडील अधूनमधून तिकडे जातात. माइल्स जमवले की फुकट तिकीट मिळते, असे सहकारी सांगतात. सुरुवात कशी करावी? त्यासाठी क्रेडिट कार्ड घ्यावे का?
– एक वाचक, मोहोपाडा

उत्तर : माइल्स किंवा पॉइंट म्हणजे भरलेल्या भाड्यावर विमान कंपनीने पुढच्या प्रवासासाठी देऊ केलेली सूट. अमेरिकन एअरलाइन्सने 1 मे 1981 रोजी ही योजना मोठ्या प्रमाणावर सुरू केली, तेव्हा किती मैल उडाले यावर हिशेब होता. आता बहुतेक कंपन्या किती रुपये मोजले ते पाहतात. एअर इंडियाने 2024 मध्ये हीच पद्धत घेतली. तिचा जुना ‘फ्लाइंग रिटर्न्स’ कार्यक्रम आज ‘महाराजा क्लब’ या नावाने चालतो. इंडिगोने 2006 मध्ये सेवा सुरू केल्यानंतर तब्बल 18 वर्षे असा कार्यक्रम ठेवलाच नव्हता. ‘ब्लूचिप’ 2024 मध्ये आला. देशांतर्गत प्रवास करणाऱ्या नवख्यापुढे प्रत्यक्षात हे दोनच मोठे पर्याय आहेत.

दोन्हींचे सदस्यत्व विनामूल्य आहे आणि ते पहिल्या प्रवासाआधी घ्यावे. सदस्य क्रमांक तिकीट काढतानाच टाकलेला बरा. राहिला तर वेब चेक-इनच्या वेळी टाकता येतो. प्रवास झाल्यावरही पॉइंट मागता येतात, पण त्याला ठरावीक मुदत असते आणि तिकीट क्रमांक व बोर्डिंग पास लागतो. म्हणून पॉइंट खात्यात दिसेपर्यंत बोर्डिंग पास फेकू नये.

मराठी घरांत पॉइंट अडकतात ते बहुतेक वेळा नावापाशी. सदस्य खात्यावर एक नाव आणि तिकिटावर दुसरे असले तर संगणक पॉइंट जमा करत नाही. लग्नानंतर पासपोर्टवर सासरचे आडनाव आणि खाते माहेरच्या आडनावाने, मधले वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव एका ठिकाणी आहे आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एखादे अक्षर जास्त, असे प्रकार नेहमीचे आहेत. खाते उघडताना पासपोर्ट समोर ठेवून त्यातलेच स्पेलिंग भरावे. पासपोर्ट नसेल तर ज्या ओळखपत्रावर प्रवास होणार त्यातले.

कोणता कार्यक्रम निवडावा, हे पॉइंटच्या दरावरून ठरवू नये. घराजवळच्या विमानतळावरून नेहमीच्या गावाला सोयीच्या वेळी कोण उडते, हा निकष खरा. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झाले आणि 25 डिसेंबर 2025 पासून तिथून प्रवासी विमाने सुटू लागली. त्यामुळे रसायनी-मोहोपाडा, चौक, खालापूर, कर्जत या पट्ट्यातल्या प्रवाशाचे गणितच बदलले आहे. पूर्वी पहाटेच्या विमानासाठी मध्यरात्री निघून वाशीचा पूल ओलांडत सांताक्रूझ-अंधेरी गाठावी लागे. आता पनवेलच्या पुढे उलव्याला उतरले की झाले. शंभरेक रुपयांच्या पॉइंटसाठी लांबच्या विमानतळावरून जाणाऱ्याचे टॅक्सीतच त्याहून जास्त जातात.

आता हिशेब. समजा, 100 रुपये मूळ भाड्यावर 6 पॉइंट मिळतात आणि दिल्लीच्या एका बाजूच्या तिकिटाचे मूळ भाडे 5,000 रुपये आहे. कर आणि विमानतळाची शुल्के यांवर पॉइंट मिळत नाहीत, म्हणून मूळ भाडेच धरायचे. एका खेपेला 300 पॉइंट, वर्षात तीनदा जाऊन-येऊन 1,800. एका पॉइंटची किंमत 50 पैसे मानली तर वर्षाची कमाई 900 रुपये. सहकारी सांगतात ते फुकट तिकीट या वेगाने यायला काही वर्षे लागतील, आणि कार्यक्रमाच्या नियमांप्रमाणे तोवर जुन्या पॉइंटची मुदत संपलेलीही असू शकते.

या कुटुंबाचे खरे माइल्स आईवडिलांच्या अमेरिकावारीत आहेत. त्यांच्या प्रत्येकी 1,00,000 रुपयांच्या मूळ भाड्यावर याच दराने दोघांचे मिळून 12,000 पॉइंट होतात, म्हणजे 6,000 रुपये. देशांतर्गत एक तिकीट त्यात बसू शकते. पण ज्येष्ठ मंडळींचे खाते बहुधा कोणी उघडलेलेच नसते. तिकीट मुलगी तिकडून काढते, ती स्वतःचा सदस्य क्रमांक टाकते आणि तो चालत नाही, कारण पॉइंट पैसे देणाऱ्याला मिळत नाहीत, प्रत्यक्ष उडणाऱ्याला मिळतात. आई आणि वडील दोघांची स्वतंत्र खाती हवीत. कुटुंबाचे पॉइंट एकत्र करण्याची सोय काही कार्यक्रमांत आहे. ती असेल तर घ्यावी.

ते थेट एअर इंडियाने न जाता फ्रँकफर्टमार्गे लुफ्तान्साने किंवा युनायटेडने गेले तरी पॉइंट एअर इंडियाच्याच खात्यात घेता येतात. एअर इंडिया 11 जुलै 2014 पासून ‘स्टार अलायन्स’ या विमान कंपन्यांच्या गटात आहे आणि या दोन्ही कंपन्या त्याच गटातल्या. मात्र भागीदार कंपनीच्या तिकिटावर पॉइंट अंतर आणि भाड्याचा वर्ग पाहून मिळतात. तिकिटावरचे एक इंग्रजी अक्षर हा वर्ग सांगते, आणि सर्वांत स्वस्त वर्गांत कधी थोडेच पॉइंट मिळतात, कधी शून्य. आखाती कंपन्यांपैकी एमिरेट्स आणि कतार या गटात नाहीत. एक खेप दुबईमार्गे, एक दोहामार्गे, एक फ्रँकफर्टमार्गे असे झाले की तीन खात्यांत थोडे थोडे पॉइंट पडतात आणि कुठेच तिकिटापुरते होत नाहीत. तिकीट दरात फार फरक नसेल तर एकच गट धरावा. फरक मोठा असेल तर स्वस्त तिकीट घ्यावे आणि माइल्स विसरावेत.

टूर कंपनीबरोबर युरोप किंवा सिंगापूर पाहायला जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. गटासाठी घाऊक घेतलेल्या तिकिटांवर बहुतेक वेळा पॉइंट नसतात. नोंदणीपूर्वी विचारून घ्यावे, नंतर भांडण्यात अर्थ नाही.

पॉइंट देऊन घेतलेले तिकीटही पूर्ण फुकट नसते. मूळ भाडे माफ होते, विमानतळाचे वापरशुल्क, सुरक्षा शुल्क आणि इतर आकार रोखीने भरावेच लागतात. परदेशी प्रवासात काही कंपन्या इंधन अधिभारही लावतात आणि तो मोठा असू शकतो. म्हणून पॉइंट वापरण्यापूर्वी एक भागाकार करावा : रोखीच्या तिकिटाच्या एकूण किमतीतून पॉइंटच्या तिकिटावर भरावी लागणारी रक्कम वजा करायची आणि उरलेल्याला पॉइंटच्या संख्येने भागायचे. तिकीट 6,000 रुपयांना असेल, पॉइंटचे तिकीट 8,000 पॉइंट अधिक 1,200 रुपयांना असेल, तर एका पॉइंटचे 60 पैसे झाले. गणपती, दिवाळी किंवा मे महिन्याच्या सुट्टीत रोखीचे भाडे चढते. तेव्हा पॉइंटच्या जागा मिळाल्या तर हा आकडा चांगला येतो. पण त्या जागा मोजक्याच असतात आणि लवकर संपतात. विमानात खुर्ची रिकामी आहे म्हणून ती पॉइंटवर मिळेलच असे नाही.

क्रेडिट कार्डाचा प्रश्न वेगळा आणि जास्त धोक्याचा. माइल्स देणारे कार्ड फायद्याचे ठरते ते दरमहा पूर्ण बिल भरणाऱ्यालाच. महिन्याला 30,000 रुपये खर्च आणि त्यावर 1 टक्का परतावा धरला तर 300 रुपयांचे माइल्स मिळतात. एखाद्या महिन्यात तेच 30,000 रुपये थकले आणि दरमहा 3.5 टक्के व्याज लागले तर 1,050 रुपये व्याज आणि त्यावर 18 टक्के जीएसटीचे 189, असे 1,239 रुपये जातात. चार महिन्यांची कमाई एका चुकीत संपली. शिवाय थकबाकी असताना नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. बिलावर ठळक छापलेली ‘मिनिमम ड्यू’ रक्कम भरली की विलंब शुल्क टळते, व्याज टळत नाही.

या व्याजाला कायद्याची कमाल मर्यादा असेल, या भरवशावरही राहू नये. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये 30 टक्क्यांवरचे वार्षिक व्याज अनुचित व्यापारी प्रथा ठरवले होते. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय 20 डिसेंबर 2024 रोजी रद्द केला.

कार्ड घ्यायचेच तर वार्षिक फी आणि तिच्यावरचा जीएसटी मिळणाऱ्या माइल्सच्या किमतीतून वजा करून पाहावे. घरभाडे, पेट्रोल, वॉलेटमध्ये भरलेले पैसे, सरकारी कर अशा खर्चांवर बऱ्याच कार्डांत पॉइंट नसतात. पगाराची स्लिप नसलेल्या दुकानदाराला किंवा शेतकऱ्याला मुदत ठेवीवर कार्ड मिळू शकते. वेळेवर बिल भरले तर त्यातून सिबिल स्कोअरही तयार होतो. मित्राचा फ्रीज, भावाच्या लग्नाचा हॉल असे दुसऱ्यांचे खर्च पॉइंटसाठी आपल्या कार्डावर घेण्याची सवय मात्र वाईट. वर्षात कार्डाच्या बिलापोटी रोखीव्यतिरिक्त 10 लाख रुपये किंवा अधिक भरले की बँक ती माहिती आयकर खात्याला कळवते. मग उत्पन्नाशी न जुळणाऱ्या खर्चाचा खुलासा कार्डधारकालाच करावा लागतो.

प्रश्न : कंपनीच्या पैशांनी झालेल्या प्रवासाचे माइल्स कर्मचाऱ्याने स्वतःसाठी वापरावेत का? त्यावर कर लागतो का?
– त्याच वाचकाचा पुढचा प्रश्न

उत्तर : केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे. प्रवास भत्त्याच्या नियमांनुसार सरकारी कामाच्या तिकिटावरचे माइल्स त्या विभागाच्या पुढच्या सरकारी प्रवासासाठीच वापरायचे असतात. खासगी प्रवासासाठी वापरल्यास विभागीय कारवाई होऊ शकते. खासगी कंपनीत तिचे स्वतःचे प्रवास धोरण लागू होते. बहुतेक ठिकाणी माइल्स कर्मचाऱ्याकडेच राहू देतात, तरी मनुष्यबळ विभागाकडून ते लेखी घेतलेले चांगले.

स्वतःच्या खर्चातून मिळालेले माइल्स ही किमतीतली सूट आहे. तिला उत्पन्न मानून कर लावणारी स्वतंत्र तरतूद आयकर कायद्यात नाही. पण सिमेंट, रंग किंवा औषधाच्या कंपनीने विक्रीचे लक्ष्य गाठल्याबद्दल दुकानदाराला दिलेले विमान तिकीट किंवा परदेशवारी हा वेगळा प्रकार आहे. 1 जुलै 2022 पासून अशा लाभाचे मूल्य वर्षाला 20,000 रुपयांच्या वर गेले तर देणाऱ्या कंपनीने 10 टक्के करकपात करायची असते, आणि दुकानदाराने तो लाभ विवरणपत्रात दाखवायचा असतो.

प्रश्न : जमवलेले माइल्स बुडू शकतात का? दाद कुठे मागावी?
– एक वाचक, कर्जत

उत्तर : बुडतात. किंगफिशरची विमाने ऑक्टोबर 2012 मध्ये थांबली आणि तिच्या ‘किंग क्लब’च्या सदस्यांचे पॉइंट निरुपयोगी झाले. जेट एअरवेजची उड्डाणे 17 एप्रिल 2019 रोजी बंद पडली, पण तिचे माइल्स सांभाळणारी कंपनी वेगळी असल्याने ते तत्काळ नाहीसे झाले नाहीत. त्याच वर्षी कार्यक्रमाचे नाव ‘इंटरमाइल्स’ झाले. 12 नोव्हेंबर 2024 रोजी विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा सदस्यांचे पॉइंट नव्या खात्यात आले. तीन कंपन्यांच्या सदस्यांचे तीन वेगळे शेवट झाले आणि एकाही सदस्याच्या हातात काही नव्हते.

कंपनी चालू असली तरी तिकिटासाठी लागणारे पॉइंट ती वाढवू शकते. पॉइंट कंपनीच्या मालकीचे आहेत, ते विकता येत नाहीत, नियम बदलण्याचा हक्क राखीव आहे, अशी कलमे सदस्यत्वाच्या अटींत असतात आणि सदस्य होताना ती मान्य केलेली असतात. पॉइंट विकत घेणाऱ्या दलालांच्या नादी लागल्यास खाते बंद होऊ शकते.

अटींप्रमाणे देय असलेले पॉइंट दिले नाहीत तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करून तिचा क्रमांक घ्यावा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915, आणि तिथेही काम झाले नाही तर अलिबाग येथील रायगड जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. बँकेच्या कार्डावरचे पॉइंट किंवा शुल्क यांबद्दल बँकेने 30 दिवसांत उत्तर दिले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. कार्ड बंद करण्याची विनंती बँकेने, थकबाकी नसल्यास, 7 कामकाजाच्या दिवसांत पूर्ण केली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे दररोज 500 रुपये द्यावे लागतात. मात्र बंद करण्यापूर्वी कार्डावरचे पॉइंट वापरून टाकावेत.

‘तुमचे पॉइंट आज रात्री संपत आहेत’ अशा संदेशातली लिंक उघडू नये. शिल्लक कंपनीच्या ॲपमध्येच पाहावी. कार्डाची माहिती किंवा ओटीपी चुकून दिला गेला असेल, तर बँकेला कळवून लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.