मिठाची साखर

पोटाचं डायलिसिस सुरू झालं आणि काही महिन्यांत माझं वजन वाढू लागलं. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणे, "वहिनी, तब्येत सुधारली हो!" गाल भरले होते, पोट सुटलं होतं. बांगड्या मात्र मनगटात सैल फिरायच्या. पुढच्या रक्ततपासणीत उलगडा झाला. अल्ब्युमिन खाली, ट्रायग्लिसराइड वर, आणि कधीही मधुमेह नसलेल्या बाईची साखर वाढलेली. वाढलं होतं ते पाणी आणि चरबी. अंगातलं मांस झडत होतं.

साखर मी खात नव्हते, चहासुद्धा बिनसाखरेचा. ती येत होती पिशवीतून. आपण पोटात सोडतो त्या पाण्यात ग्लुकोज असतं आणि अंगातलं जादा पाणी तेच ओढून काढतं. दोन लिटरच्या दीड टक्क्याच्या पिशवीत ते ३० ग्रॅम असतं, अडीचच्या पिशवीत ५० आणि सव्वाचारच्या पिशवीत ८५. पाणी काही तास आत राहिलं की यातलं निम्म्याहून जास्त रक्तात उतरतं. दिवसाला तीन दीडच्या आणि एक अडीचची पिशवी धरली, तरी सुमारे ३०० कॅलरी झाल्या. म्हणजे न खाल्लेल्या तीन चपात्या!

बरं, जास्त टक्क्याची पिशवी लागते कशाला? सूज येते म्हणून. सूज का, तर पाणी जास्त प्यायलं जातं. आणि तहान लावतं मीठ. दुपारी पानात घेतलेली लोणच्याची फोड रात्री सव्वाचारच्या पिशवीतली साखर होऊन पोटात येते, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर पापड, सांडगी मिरची, फरसाण तेव्हाच बंद झालं असतं. दिवसभराचं सगळं मीठ मिळून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा. सैंधवही मीठच. 'कमी सोडियम'वाल्या मिठात पोटॅशियम असतं, ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणू नका. सूज दर वेळी मिठानेच येते असं नाही. लघवी कमी होत जाते. काहींच्या पोटाचा पडदा साखर भराभर शोषतो आणि पाणी नीट निघत नाही. ते तपासणीतच कळतं. म्हणून पिशवीचा टक्का आपल्या मनाने बदलायचा नाही. मीठ तेवढं आपल्या हातात.

दुसरी गळती प्रथिनांची. बाहेर येणाऱ्या पाण्याबरोबर रोज ५ ते १० ग्रॅम प्रथिनं जातात. पोटात संसर्ग होऊन पाणी गढूळ आलं, तर आणखी. वजनाच्या दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात. पन्नास किलोच्या बाईला पन्नास-साठ ग्रॅम. आपल्या पातळ आमटीने ते भागत नाही. अंड्याचा पांढरा भाग, मासे, चिकन, पनीर, घट्ट वरण, जे चालत असेल ते प्रत्येक जेवणात हवं. पोटात दोन लिटर पाणी असताना दोन घासांतच पोट भरतं. म्हणून पाणी काढून झाल्यावर मी आधी जेवते, मग नवी पिशवी सोडते. तुम्हाला हे जमेल का, ते नर्सला विचारा. उपवास मी सोडले. साबुदाण्यात प्रथिनं नावालाच आणि एकादशी आहे म्हणून पिशवी काही थांबत नाही. सासूबाई असत्या तर रागावल्या असत्या.

प्रशिक्षणात हात धुणं घोटून घेतलं गेलं, ते योग्यच. आहाराचा मात्र एक झेरॉक्स कागद हातात पडला, तोही रक्ताच्या डायलिसिसवाल्यांचा. केळं नको, टोमॅटो नको, भाज्या उकळून पाणी फेका, सगळं पोटॅशियम टाळायला. पण आमच्या पिशवीतल्या पाण्यात पोटॅशियम नसतं, त्यामुळे ते शरीरातून रोज निघून जातं. माझं इतकं उतरलं की पायांत जीव राहिला नाही आणि बद्धकोष्ठता झाली. आतडी भरलेली असली की नळीतून पाणीही नीट निघत नाही. रिपोर्ट बघून डॉक्टरांनी केळं परत दिलं. तुमचं पोटॅशियम वर असेल तर तुम्हाला नाही मिळणार. दुसऱ्याचा कागद वापरू नका, माझाही नाही. अन्नातला फॉस्फरस अडवणाऱ्या गोळ्या जेवणाच्या घासांबरोबरच घ्यायच्या, नंतर घेऊन उपयोग नाही.

मधुमेह असेल आणि ग्लुकोजऐवजी आयकोडेक्स्ट्रिनची पिशवी सुरू झाली, तर तुमचं ग्लुकोमीटर चालतं का ते आधी विचारा. काही यंत्रं आयकोडेक्स्ट्रिनपासून अंगात तयार होणाऱ्या माल्टोजला ग्लुकोज समजून खोटा मोठा आकडा दाखवतात. त्यावर इन्सुलिन वाढवलं की खरी साखर धोकादायकपणे खाली जाते.

पुढच्या ओपीडीला वजनाच्या वहीत रोज कोणत्या टक्क्याच्या किती पिशव्या लागल्या तेही लिहून न्या, आणि आहारतज्ज्ञांना सरळ विचारा: माझ्या पोटातून रोज किती साखर अंगात जाते, आणि ती धरून मी काय खाऊ?