लसीच्या दिवशीचा अर्धा तास

अगं, बाळंतपणात खरं अवघड काय असतं सांगू? सवा महिन्यानंतरचे दिवस. माहेरी आई होती, शेकशेगडी होती, मालिशवाली बाई होती. रात्री तू हुंदका दिलास तरी कुणीतरी उठून लाइट लावत होतं. आता ओटी भरून तुला खालापुरात परत पाठवलं आणि सगळ्यांना वाटलं, झालं बाळंतपण. जावईबापूंची शिफ्ट. सासूबाई मायाळू, पण त्यांनी शेवटचं पोर अंगावर पाजलं त्याला तीस वर्षं होऊन गेली. दुपारी घरात तू, बाळ आणि गरगरणारा पंखा. परवा फोनवर हळूच म्हणालीस, "ताई, दूध पुरत नाहीये बहुतेक." त्या 'बहुतेक'साठी हे लिहितेय.

आधी तेवढं निस्तरू. दूध पुरतंय की नाही हे छातीला हात लावून कळत नाही आणि बाळाच्या रडण्यावरूनही कळत नाही. दिवसरात्र मिळून सहा किंवा जास्त लंगोट ओले होत असतील आणि कार्डावर वजन चढत असेल, तर पुरतंय. दीड महिन्याच्या आसपास बरीच बाळं एकदम हावरटासारखी प्यायला लागतात. सुटतच नाहीत. ती जितकं ओढतात तितकं दूध तयार होतं, दोनचार दिवसांत गाडी रुळावर येते. त्याच सुमाराला छातीचा सुरुवातीचा दाटलेपणा जातो, ती मऊ लागते, आणि घरातली मोठी बाई म्हणते, "दूध आटलं हिचं." आटलेलं नसतं.

हे तुला ठाऊक होतंच, नाही? इंजिनिअर आहेस, वाचलंयस सगळं. तरी रडतेस. कारण ही भीती वाचून जात नाही. शेजारणीचं पोर अगदी असंच करतंय आणि ती निवांत बसून चहा पितेय, हे डोळ्यांनी दिसलं की जाते. म्हणून म्हणते, बायका शोध. पुष्कळ नकोत, तीनचार पुरेत. पण त्यांची पोरं तुझ्या बाळाच्या थोडी पुढची हवीत. दोन वर्षांच्या पोराची आई दीड महिन्याचं सगळं विसरलेली असते गं. मी स्वतः विसरलेय, आईला विचारून विचारून तुला सांगतेय.

आता त्या सापडायच्या कुठं? मला विचारशील तर लसीच्या दिवशी. दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, अशी पेंटा लसीची तीन इंजेक्शनं. म्हणजे त्या दिवशी अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात तुझ्याएवढ्या, तुझ्याहून एक महिना पुढच्या आणि दोन महिने पुढच्या बाया एकाच बाकावर येतात. मुद्दाम गोळा करायचं म्हटलं तरी इतका नेमका मेळ जमणार नाही. आणि टोचून झाल्यावर सिस्टर सांगतात, अर्धा तास थांबा, लगेच निघू नका. बाळाला काही त्रास होत नाही ना, हे बघायला. आपल्यातल्या बऱ्याचजणी तो अर्धा तास मोबाइलात घालवतात किंवा सिस्टरची नजर चुकवून रिक्षा गाठतात. तू थांब.

मी भाचीला घेऊन गेले होते तेव्हाचं सांगते. सुई टोचली की बाळ टाहो फोडतं, आणि टाहो फोडला की बाकावरची प्रत्येकजण पदर सारून त्याला छातीला लावते. चारपाचजणी एकदम, रांगेत. तिथं कुणाला लाज नाही, कुणी कुणाकडे बघत नाही, आणि खरं तर सगळ्याच बघत असतात. माझी भाची पाठीला बाक काढून, बाळावर ओणवी होऊन पाजत होती, दात ओठावर दाबून. बोंडाला चिरा पडल्या होत्या तिच्या. शेजारी ठाकरवाडीवरची एक बाई बसली होती, तिसऱ्या लेकराला घेऊन. ती थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "वाकतेस कशाला गं बाय? तू नको जाऊ पोराकडं, पोराला तुझ्याकडं आण." आणि न विचारता तिनं बाळाचं ढुंगण आपल्या हातानं वळवलं. बाळाचं पोट आईच्या पोटाला लागलं, हनुवटी छातीत रुतली, त्यानं जांभईएवढा आ केला आणि बोंडाच्या भोवतीचा काळा भागही बराचसा तोंडात घेतला. चुटचुट आवाज बंद झाला. मग नुसतं गिळणं, सावकाश. भाचीनं दात सोडले.

डॉक्टरांनीही तिला हेच सांगितलं होतं, तोंडी. पण ते बाळाचं ढुंगण वळवणं तोंडी सांगता येत नाही. आयआयटी मुंबईच्या डॉ. रूपल दलाल यांनी यावर मराठीतही व्हिडिओ केलेत, ते जरूर बघ. मात्र व्हिडिओतली बाई तुझी मान सरळ करणार नाही.

आता आशाताईंचं. ही गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून नीट ऐक. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे आशाताई सहा वेळा घरी येतात: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. ही कल्पना आपल्याच राज्यातली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, आणि 1999 मध्ये त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये आले. पण तुझं बाळंतपण माहेरी. ते सहा दिवस माहेरच्या आशाताईंच्या वहीत गेले. सासरच्या आशाताईंना तू परत आलीस हेच माहीत नाही! तेव्हा माता-बाल संरक्षण कार्ड घेऊन आपणहून त्यांच्याकडे जा. पुढं तिसऱ्या, सहाव्या, नवव्या महिन्यात असं त्यांचं येणं असतंच. आणि सरळ विचार, "ताई, आपल्या भागात पाजणाऱ्या अजून कोण कोण आहेत?" त्यांच्याइतकी पक्की यादी कुणाकडे नाही. 2016 पासून 'माँ' नावाचा स्तनपानाचा सरकारी कार्यक्रम आहे, त्यात आशाताईंनी आयांच्या बैठका घ्यायच्या आहेतच. कुठं त्या होतात, कुठं कागदावर होतात. तू विचारलंस तर होण्याची शक्यता वाढेल, एवढं खरं.

वाड्यांवर आणखी एक जागा असते, जेवणाची. आदिवासी भागात 2015 साली अमृत आहार योजना सुरू झाली, गरोदर आणि पाजणाऱ्या बायांना अंगणवाडीत एक वेळचं गरम जेवण. योजना पोषणाची, पण चार पाजणाऱ्या बाया रोज एका पंगतीला बसल्यावर काय काय बोलत असतील, विचार कर. ते तुझ्यासाठी नाही, तू सोसायटीत राहतेस. म्हणूनच सांगते, सोसायटीतल्याच बायका शोधत बसू नकोस. खोपोली-खालापुरात नव्या इमारतींत बाहेरून आलेल्या सुना दार लावून बसतात आणि खालच्या वाडीवरची, तीन पोरं अंगावर वाढवलेली बाई त्यांना 'कामवाली' म्हणूनच माहीत असते. तिच्याकडे शिकण्यासारखं असतं. सगळंच असतं असं नाही, तिच्या घरीही वजन न वाढणारं पोर असू शकतं. पण दूध न येणं ही तिची काळजी सहसा नसते. तिची काळजी असते शेतावरून वेळेत घरी पोचण्याची.

त्यावरून आठवलं. तिचं वेळापत्रक तुझ्यासारखं नसतं हे लक्षात ठेव. 1 ते 7 ऑगस्ट जागतिक स्तनपान सप्ताह, पोस्टर लागतात, भाषणं होतात, आणि आपल्याकडे नेमकी तेव्हा लावणी उरकायची घाई. बाया चिखलात आणि बाळ बांधावर, झोळीत. दिवाळीनंतर कातकरी घरंच्या घरं वीटभट्टीवर निघून जातात. आज बाकावर भेटलेली पुढच्या लसीला दिसलीच नाही तर रुसू नकोस. म्हणून एकाच मैत्रिणीवर भार टाकू नये.

आपण रायगडवाले. लहानपणापासून हिरकणीची गोष्ट ऐकलेली. गडाचे दरवाजे बंद झाले, घरी तान्हं भुकेलं, आणि गवळण रात्रीची कडा उतरून गेली. एसटी स्टँडवरच्या पाजण्याच्या खोलीलाही तिचंच नाव, हिरकणी कक्ष. (उघडा सापडला तर वापर. कुलूप दिसलं तर चौकशीच्या खिडकीवर जाऊन किल्ली माग, खुशाल आवाज चढवून माग.) मला मात्र ती गोष्ट ऐकताना नेहमी वाटतं, त्या रात्री वाडीत दुसरी एखादी लेकुरवाळी नव्हती का? घटकाभर पोराला उचलून घेणारी? गोष्टीत तिला जागाच नाही. आपल्याला एकटीनं कडा उतरणारी आई फार आवडते.

बांगलादेशात ढाक्यातल्या वस्त्यांमध्ये एक प्रयोग झाला, त्याचे आकडे 2000 साली छापून आले. तिथल्याच आयांना थोडं प्रशिक्षण देऊन बाळंतिणींच्या घरी पाठवलं. पाच महिन्यांच्या बाळांत निव्वळ अंगावरच्या दुधावर असलेली त्या गटात 70 टक्के निघाली, आणि ज्यांच्याकडे कुणी गेलं नाही त्यांच्यात 6 टक्के. मी आकड्यांना सहसा भुलत नाही, पण हा फरक बघून गप्प बसले. औषध नाही, यंत्र नाही, नुसती येणारी-जाणारी बाई.

पण बाकावर जे जे ऐकशील ते सगळं घरी आणू नकोस. कुणी मधाचं बोट सांगेल, कुणी गुटी, कुणी म्हणेल एप्रिलमध्ये दोन चमचे पाणी तरी पाज. सहा महिने काही नको, पाणीसुद्धा नको. दुधात पाणी असतंच. "मानेवर धर, माझं हेच झालं होतं, मी अशी उशी घेतली" हे सगळं त्यांच्याकडून घे. छातीत गाठ आली आणि अंगात ताप भरला तर त्यांना विचारू नकोस, पाजणं चालू ठेव आणि डॉक्टर गाठ. बाळ पेंगतंय, ओढतच नाही, शू कमी झाली, तर त्याच दिवशी गाठ. आणि एखादी प्रेमानं म्हणाली, "दे, मीच पाजते," तर गोड बोलून नाही म्हण. दुधातून आजार जाऊ शकतात. दुसरीचं दूध तपासून, उकळीखालच्या ठरावीक तापमानाला तापवून देण्याची सोय असते, तिला दुग्धपेढी म्हणतात. आशियातली पहिली आपल्या मुंबईतलीच, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये सुरू केलेली. ती मुख्यतः दवाखान्यातल्या कमी वजनाच्या, आजारी बाळांसाठी.

अजून एक, दबक्या आवाजातलं. पहिल्या आठवडादोन आठवड्यांत बऱ्याचजणींना रडू येतं. पण दिवसच्या दिवस काही गोड लागत नाही, बाळाकडे बघावंसं वाटत नाही, नको ते विचार येतात, असं असेल तर ते मैत्रिणींवर सोडायचं नाही. मला सांग, डॉक्टरांना सांग, आणि रात्री-बेरात्री 14416 ला फोन लाव, सरकारची टेली-मानस लाइन आहे, मराठीत बोलतात. परवाच्या रडण्यात मला तसं काही वाटलं नाही. तरी लिहून ठेव.

नोकरीचं पुढं बघू, पण आत्तापासून कानावर असू दे. सव्वीस आठवडे रजा, बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत रोज पाजण्यासाठी दोन सुट्ट्या, पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथं पाळणाघर, हे कायद्यात आहे. सावरोली-रसायनी पट्ट्यात अजून कोण कोण रजेवर आहे ते लसीच्या बाकावर कळेल. दोघी मिळून एचआरसमोर बसलात तर उत्तर लवकर मिळतं.

आणि सासूबाई. त्यांना बाजूला सारून मैत्रिणी जोडल्यास तर घरात धुसफुस होईल. त्यांना घेऊनच जा ना लसीला! बाळ धरायला माणूस लागतंच. बाकावर बाकीच्या आज्याही असतात. एखाद्या आजीनं "आमचंबी असंच रडायचं हो" म्हटलं की सासूबाईंचा जीव भांड्यात पडेल, आणि डब्याच्या दुधाचा विषय आपोआप मागं पडेल. बाळाच्या डब्याच्या जाहिरातीला आणि फुकट वाटपाला 1992 च्या कायद्यानं बंदी घातली, पण घरच्यांच्या शिफारशीला बंदी घालणारा कायदा अजून व्हायचाय.

डिंकाचे आणि अळिवाचे लाडू उद्या खोपोली लोकलनं येणाऱ्या भाऊंबरोबर पाठवतेय. त्यानं दूध दुप्पट होतं वगैरे मी म्हणणार नाही, पण पाजणारीला भूक लागते आणि लाडू हाताशी असला की बरं पडतं. सगळे एकटीनं संपवू नकोस. पाचसहा कागदात बांधून लसीच्या दिवशी ने, बाकावर ओळख काढायला सोपं जाईल. आणि डबा परत पाठव. मागचाही अजून तुझ्याकडेच आहे.