माकडताप : इस्पितळातील रुग्ण आणि दुसरा आठवडा

इब्रामपूर, हणखणे ही पेडण्यातील गावे महाराष्ट्राच्या सीमेवर वसलेली आहेत. विषाणू वाहून नेणाऱ्या गोचिडीला अर्थातच ही सीमा ठाऊक नाही. 2015 मध्ये सत्तरीतील पाली, 2016 मध्ये दोडामार्गातील केर आणि 2017 मध्ये सावंतवाडी तालुक्यातील बांदा परिसर असा माकडतापाचा प्रवास झाला. आपल्या भागातील डॉक्टरांना हा आजार परका समजून चालणार नाही.

या विषाणूचा शोध 1957 मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात लागला. पुण्याच्या तत्कालीन विषाणू संशोधन केंद्राचे ते कार्य होय. आजारी वानर-माकडांच्या अंगावरील गोचिडी विषाणू पसरवितात आणि अपक्व गोचीड माणसाला चावते. माणसापासून माणसाला हा आजार होत नाही. हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंतचा काळ धोक्याचा, आणि नेमका तोच आपल्याकडे काजूचा हंगाम. बोंडू वेचणारे, सुका पाचोळा व लाकूडफाटा गोळा करणारे, गुरे राखणारे यांनाच तो प्रथम गाठतो.

चावल्यानंतर सुमारे 3 ते 8 दिवसांनी एकाएकी कडक ताप, असह्य डोकेदुखी, अंगदुखी, लाल डोळे व कमालीचा थकवा दिसतो. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स घटतात, यकृताची एन्झाइम्स वाढतात. हे चित्र डेंग्यूचेच वाटते. म्हणून केवळ रक्ताच्या आकड्यांवर विसंबू नये. रुग्ण रानात गेला होता काय, परिसरात माकडे मेली काय, हे दोन प्रश्न प्रयोगशाळेइतकेच मोलाचे आहेत.

मृत्यूचे प्रमाण साधारणतः 3 ते 5 टक्के सांगितले जाते. नाकातून, हिरड्यांतून वा आतड्यांतून रक्तस्राव, रक्तदाब उतरणे आणि शुद्ध हरपणे ही गंभीर लक्षणे होत. उशिरा दाखल झालेल्या, वयस्क वा आधीच दुसऱ्या व्याधीने ग्रस्त रुग्णाबाबत अधिक दक्षता हवी.

मात्र माझ्या मते खरी फसगत ताप उतरल्यावर होते. सुमारे 10 ते 20 टक्के रुग्णांत आठवडा-दोन आठवडे बरे वाटून ताप पुन्हा येतो. मग मान ताठरते, हात कापतात, दृष्टी मंदावते, बडबड सुरू होते. घरची मंडळी त्याला बाधा म्हणतात आणि दिवस वाया जातात! घरी पाठविताना ही लक्षणे नातेवाइकांना मराठीत वा कोकणीत समजावून सांगावीत, कागदावर लिहून द्यावीत.

विषाणूवर खास औषध नाही. द्रव योग्य प्रमाणात देणे, रक्तस्रावावर लक्ष ठेवणे, ॲस्पिरिन व तत्सम वेदनाशामके टाळून पॅरासिटामॉल देणे, हाच उपचार. पूर्वीच्या लशीच्या दोन मात्रांनी सुमारे 62 टक्के संरक्षण मिळे. 2022 मध्ये कर्नाटकाने तिचा वापर थांबविला. त्यामुळे रानात जाण्यापूर्वी अंगाला गोचीड-प्रतिबंधक तेल, पूर्ण बाह्यांचे कपडे, परतल्यावर गरम पाण्याने स्नान, एवढेच हाती उरते. पहिल्या आठवड्यात रक्तनमुना आरटी-पीसीआरसाठी आणि पुढे आयजीएम चाचणीसाठी धाडावा. सोबतच्या कागदावर ताप सुरू झाल्याची तारीख व रुग्ण ज्या बागायतीत काम करीत होता तिचे नाव अवश्य लिहावे.