आधी खुणा बघा, मग जाळी लावा

कोंबड्या मेल्या की घरातलं कुणीतरी लगेच झाडू हातात घेतं. ते करू नका, एवढं माझं पहिलं सांगणं आहे. पिसं, रक्त, टरफलं, चिखलातलं पाऊल, सगळं तसंच राहू द्या आणि उजाडल्यावर नीट बघा. आलेलं जनावर पुन्हा येणार हे नक्की धरा. ते कोण होतं आणि कुठून शिरलं हे कळल्याशिवाय केलेला खर्च वाया जातो.

आमचं घर कशेळ्याच्या पुढे, भीमाशंकरच्या कड्याखाली. १९८५ साली झालेल्या त्या अभयारण्याची हद्द डोंगर उतरून कर्जत तालुक्यात येते. खालापूरकडेही रान असंच जवळ. इर्शाळगडाच्या पायथ्याच्या वाड्यांमध्ये परडं संपतं तिथेच रान लागतं. मुंगूस, रानमांजर, उदमांजर, शिक्रा, नाग यांच्या शेजारीच आपण कोंबड्या पाळतो. गावठी कोंबडीला दर मिळतो तो ती मोकळी चरते म्हणून, त्यामुळे तिला कायमची कोंडून ठेवणं हा काही उपाय नाही.

गटारीच्या तोंडावर, विकायची कोंबडी तयार असताना, एका सकाळी आमच्या खुराड्यातली जवळजवळ सगळी मरून पडलेली होती. मानेवर दातांच्या खुणा, मांस मात्र जसंच्या तसं. जमलेल्यांपैकी कुणी म्हणालं बिबट्या, कुणी म्हणालं रक्त पिणारं मुंगूस. सासूबाईंनी कुणाला आत पाऊल टाकू दिलं नाही. "अगं, मुंगूस दिवसा फिरतं. काल रात्री दाराची कडी लावलेली होती आणि ती अजून तशीच आहे. वर बघ." भिंतीवर चिखलाची पाच बोटांची पावलं वर चढत गेली होती. पावसाळी वाऱ्यानं पत्रा उचलला गेला होता आणि पत्रा-भिंतीमधली फट हात जाईल एवढी रुंद झाली होती. उदमांजर तिथून उतरलं होतं. आम्ही खालची जाळी कितीही बदलली असती तरी ते पुन्हा वरूनच आलं असतं.

इतकी मारून खाल्ली का नाहीत, हा प्रश्न मला फार दिवस छळत होता. त्यात रक्ताची तहान वगैरे काही नसते. रानात एक पक्षी धरला की बाकीचे उडून जातात आणि शिकार तिथेच थांबते. बंद खुराड्यात पळायला वाट नसते, फडफड चालूच राहते, आणि जोवर फडफड तोवर जनावर चावत राहतं. म्हणून शिरकाव एकदाच झाला तरी नुकसान सगळ्या खुराड्याचं होतं.

खुणा अशा वाचाव्यात. भर दुपारी पिल्लू किंवा तलंग नाहीशी झाली आणि कुंपणाखाली उकरलेलं दिसलं, तर मुंगूस. एखादीच कोंबडी गेली आणि पिसांची रेघ झुडपाकडे जात असेल, तर बहुधा रानमांजर. त्याचं पाऊल गोल असतं, नखं उमटत नाहीत. अंडी टरफलासकट गायब असतील तर सापाचा संशय घ्या. मेलेलं पिल्लू ओलसर, लाळेनं माखलेलं सापडलं तर सापाला ते गिळता आलेलं नाही. पिल्लांचे पाय कुरतडलेले दिसले तर ते उंदीर-घुशींचं काम. आणि अंगणभर चोळामोळा करून टाकलेल्या कोंबड्या दिसल्या की रानाकडे बोट दाखवू नका, त्या कुत्र्यांनी मारलेल्या असतात. आमच्या भागात फार्महाऊस वाढली, त्यांच्या मागे टाकलेल्या उरल्यासुरल्या अन्नावर कुत्री वाढली, आणि त्या कुत्र्यांसाठी बिबट्याही वस्तीजवळ येतो. माझ्या मते आज परसातल्या कोंबडीचा सर्वांत मोठा वैरी हाच उकिरडा आहे. मानमोडी रोगानं मेलेली कोंबडी ओढ्यात किंवा बांधावर फेकणारे आपणही त्यात भर घालतो. खोल खड्डा करून, वर चुना टाकून ती पुरा.

उन्हाळ्यात चिखल नसतो, तेव्हा खुराड्याभोवती संध्याकाळी चाळलेली राख पसरा. सकाळी पावलं स्वच्छ दिसतात.

आता बांधकाम. दुकानात कोंबडीची जाळी म्हणून जी षटकोनी, बारीक तारेची जाळी मिळते ती कोंबडीला आत ठेवते, जनावराला बाहेर ठेवत नाही. कुत्रा ती फाडतो, मांजर तिच्यातून पंजा घालून झोपलेल्या कोंबडीला ओढतं. अर्ध्या इंची भोकांची वेल्डमेश जाळी घ्या. ती महाग पडते, म्हणून जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत आणि झरोक्यांना तीच लावा, वर थोड्या मोठ्या भोकांची पण जाड तारेची चालेल. जाळी जमिनीवर टेकवून थांबू नका. फूटभर खोल पुरा, किंवा बाहेरच्या बाजूला फूट-दीड फूट आडवी पसरून वर दगड-माती टाका. उकरणारं जनावर भिंतीलगतच उकरतं आणि तिथेच अडतं. कुडाच्या भिंतीला घूस भोक पाडते, त्यामुळे खाली तरी दगडाचा किंवा विटांचा थर हवाच. पत्र्याच्या लाटांखालच्या फटी सिमेंटनं बुजवा, आणि प्रत्येक वादळानंतर पुन्हा बघा.

दार कातरवेळेच्या आधी लावा. कोंबड्या आपणहून परततात, पण एखादी हट्टी तलंग फणसावर जाऊन बसते. तिला रोज उतरवून आत घ्यावंच लागतं. पिल्लं डालग्याखाली ठेवायची तर ते फरशीवर पालथं घालून वर जड दगड ठेवा. घार, शिक्रा आणि डोमकावळा यांच्यासाठी खुराड्यासमोर वेलाचा मांडव उत्तम. कोंबडा ओरडला की पिल्लांना धावत शिरायला जवळ आडोसा पाहिजे.

मारण्याचा विचार मनात येतो, मी समजू शकते. पण मुंगसापासून बिबट्यापर्यंत रानातल्या या जनावरांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. विष घातलेलं मांस गावातलं गुरंढोरं राखणारं कुत्रंही खातं, तारेत सोडलेला करंट माणसालाही धरतो. शिवाय एक उदमांजर मारलं तरी फट उघडी असेल तर दुसरं येईल.

अजगर किंवा नाग आत सापडला तर दार लावून लांब व्हा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. अंडी काढताना बॅटरी मारल्याशिवाय घरट्यात हात घालू नका, मुलांना तर पाठवूच नका. दाणे झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. दाण्यामागे उंदीर येतो, उंदरामागे साप. आणि साप चावलाच तर मांत्रिकाकडे एक मिनिटही न घालवता थेट सरकारी रुग्णालय गाठा. सापाच्या विषावरचं प्रतिविष तिथे मिळतं.